न फेकलेलं रीळ

तुम्ही गेलात त्याला आज अठरा दिवस झाले. पहिले चार दिवस मी रडले. पाचव्या दिवशी तुमचं लोखंडी कपाट आवरायला घेतलं, आणि त्यानंतर कालपर्यंत डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नव्हता.

सुतकात कपाट आवरणं तुमच्या बहिणीला आवडलं नाही. शालिनीवन्सं दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, दिवस तरी होऊ द्यात. कपाट कुठं पळून चाललंय?"

"कपाट नाही पळणार, मी पळेन," मी म्हटलं. "ऐंशीला टेकले आहे. माझ्यामागे कुणाला काही शोधावं लागू नये."

माझ्या वहीत तुमच्या एकतीस फिल्मांची यादी आहे. क्रमांक, प्रसंग, महिना, सगळं माझ्या अक्षरात. कपाटात निघाली बत्तीस. बत्तिसावी डबी प्रोजेक्टरच्या पेटीमागे, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली होती. तिच्यावर क्रमांक नव्हता. तुमच्या अक्षरात एकच शब्द होता: आई.

मी फिल्म खिडकीपाशी नेली, भिंग घेतलं आणि पहिला हातभर तुकडा उजेडाला धरला. मग स्टुलावर बसले. जे रीळ तुम्ही फेकून दिलं म्हणून मला सांगितलंत, ते हे.

हे मी तुम्हाला उद्देशून लिहिते आहे, पण वाचणार आहेत आपली नातवंडं, रेवा आणि तन्मय. रेवाला मराठी वाचता येतं, ती तन्मयला वाचून दाखवेल. दोघांना त्यांचे आजोबा म्हणजे हौशी, शांत, मुलांना प्रोजेक्टरसमोर हाताची सावली करून ससा दाखवणारा माणूस एवढंच माहीत आहे. ते खोटं नाही. पण तेवढंच खरंही नाही, आणि पोरांनी अर्धं खरं घेऊन मोठं व्हावं असं मला वाटत नाही.

त्यांना आधी तुमचा कॅमेरा समजावून सांगायला हवा. फोन उभा धरून अख्खा वाढदिवस टिपायचा आणि पुन्हा कधी बघायचा नाही, अशी त्यांची पद्धत. तुमचा कॅमेरा चावीचा. चिकलठाण्याला नवे कारखाने उभे राहत होते, तेव्हा तुमच्या कंपनीत यंत्रं बसवायला आलेला परदेशी इंजिनियर तो तुम्हाला देऊन गेला. त्यात आठ मिलिमीटरची फिल्म चाले, पण ती मिळायची दुप्पट रुंद. आधी तिच्या एका कडेवर दोन मिनिटं चित्र उमटायचं. मग सावलीत कॅमेरा उघडून चकती उलटी घालायची, म्हणजे दुसऱ्या कडेवर आणखी दोन मिनिटं. मुंबईला धुवायला पाठवली की तिथं ती मधोमध चिरून एकापुढे एक जोडत. महिन्याभरानं टपालानं येत चार मिनिटं. ती काय निघाली आहेत हे तोवर कुणालाच ठाऊक नसायचं.

ह्यात एक खोच होती. दोन्ही कडा वापरून झाल्या की फिल्म फिरून पहिल्याच चकतीवर येई आणि अगदी कोरी दिसे. म्हणून मी घरात नियम केला होता. वापरून झालेली चकती डबीत घालायची आणि झाकणावर लगेच चिकटपट्टीची फुली मारायची. फुली नाही ती डबी नवी. तुम्ही ह्या नियमाची चेष्टा करायचात. "तुझ्या शाळेत मुलींच्या डब्यांवर पण फुल्या मारतेस का गं?"

पण कॅमेरा हाताळायला मला शिकवलंत तुम्हीच. तुमच्या मित्रांच्या बायकांना साधा रेडिओ लावायची परवानगी नव्हती, त्या काळात. अंधाऱ्या न्हाणीघरात माझी बोटं धरून फिल्म कुठल्या दातावर चढवायची ते दाखवलंत. लग्नानंतर एम.ए. करायला लावलंत. परीक्षेच्या दिवशी सायकल हातात धरून केंद्राबाहेर तीन तास उभे राहिलात आणि मी बाहेर येताना माझी आठ सेकंदं घेतलीत. सातव्या क्रमांकाच्या फिल्ममध्ये मी ती पुन्हा बघितली. इतकी हसरी मी कधी होते? ह्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे इथंच लिहून टाकते, कारण पुढे लिहिता येईलसं वाटत नाही.

आता कौसल्या. ती माझ्या शाळेत गणित शिकवायची. खेड्यातून शिकून वर आलेली, बौद्ध. बोलायला तिखट, हसायला मोकळी. मुली तिला घाबरत आणि वर्ग संपला की तिच्याचभोवती घोळका करत. ती आपल्या घरी कितीदा आली असेल, पण पुढच्या खोलीपर्यंत. सासूबाईंचं सोवळं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ती आपणहून थांबायची आणि मला डोळा मारायची. मी त्यावरून तुमच्याशी भांडले की तुमचं ठरलेलं उत्तर असे, "मी ह्यातलं काही मानत नाही. पण आईच्या वयाकडे बघ."

सासूबाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. विहिरीवरून दोन कळशा आणायच्या.

ज्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्या पावसाळ्यात खेड्याखेड्यांतून बौद्धांची घरं जाळली गेली. कौसल्याचे आईवडील अंगावरच्या कपड्यांनिशी तिच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. आठवड्यानं ती शाळेत आली. शिक्षकांच्या खोलीत सगळे अचानक वह्या तपासू लागले. ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"काय गेलं गं?" मी हळूच विचारलं.

"घर गेलं. म्हशी वाचल्या. बापानं आधीच सोडल्या व्हत्या. म्हशीला कोण इचारतंय तिचं नाव काय ठेवायचं म्हणून!" ती हसली, आणि मग खडूचा डबा उगाच उघडून बंद केला. "पुढल्या महिन्यात पोरीचा पहिला वाढदिवस हाय. तुला ये म्हणणार व्हते. पण आता नाय म्हणत. तुझ्या घरचे काय म्हणतील?"

"मी येणार. कॅमेरा घेऊन येणार."

"लई शानी हाय तू," ती म्हणाली. पण तिनं माझा हात धरून ठेवला.

मधल्या काळात आपल्याकडे महालक्ष्म्या झाल्या. तुम्ही पाचशे वॅटचा दिवा लावून सासूबाईंचं चित्रण केलंत. त्या एरवी कॅमेरा दिसला की पदर ओढून आत पळायच्या. त्या दिवशी हातात आरतीचं ताट होतं, त्यामुळे पळता येईना. तुम्ही काहीतरी थट्टा केलीत आणि त्या हसल्या. एकतीस फिल्मांत त्यांचा पदर आहे, पाठ आहे, कोपर आहे. चेहरा फक्त त्या दिवशी मिळाला. दुसऱ्या कडेचं चित्रण संपतं न संपतं तोच कंपनीतून मशीन बंद पडल्याचा निरोप आला. तुम्ही चकती डबीत घातलीत आणि सायकलवर बसलात. फुली मारली नाहीत.

तीन आठवड्यांनी मी कपाटातून फुली नसलेली डबी घेतली आणि कौसल्याकडे गेले. अंगणात ऊन होतं. तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं, कडेवर लेक संघमित्रा. ती घरात जात होती, बाहेर येत होती, मुलीला माझ्याकडे वळवत होती. तिचा बाप कोपऱ्यात बसून बघत होता. मी दोन्ही कडा वापरल्या. घरी आल्यावर फुली मारली.

चूक कुणाची, ह्यावर आपण जन्मभर भांडलो. तुमचं म्हणणं, मी न विचारता डबी घेतली. माझं म्हणणं, विचारायला लागू नये म्हणूनच नियम होता. हे भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेला आहात, म्हणून निकाल मी देते. चूक तुमची होती. आणि आपल्या संसारातली सगळ्यांत सुंदर गोष्ट त्या चुकीतून झाली.

फिल्म धुऊन आली ती दिवाळीत. भाऊबीजेची दुपार. वन्सं आणि त्यांचे यजमान आले होते. खिडक्यांना चादरी लावल्या, भिंतीवर धोतर ताणलं. सासूबाई पाटावर बसल्या. तुम्ही प्रोजेक्टर चालू केलात. भिंतीवर दोन महालक्ष्म्या उभ्या राहिल्या, समोर सासूबाई आरती करताहेत, आणि त्यांच्यामधून, मखरातून आरपार, पांढऱ्या लुगड्यातली एक बाई मुलीला कडेवर घेऊन चालत आली.

आधी कुणालाच उमगेना. कौसल्या समईतून गेली, नैवेद्याच्या ताटांवरून गेली. सासूबाई कुंकू लावायला पुढे वाकल्या, तेव्हा त्यांचा हात बरोबर संघमित्राच्या कपाळाशी आला. पोर खुदकन हसली. जणू तो हात तिला लागला.

"अगं बाई! ही कोण?" वन्सं ओरडल्या. "वहिनी, ही तुमची ती शाळेतली ना? देवात कशी आली?"

"ती तिच्या अंगणात आहे, वन्सं. देव आपल्या घरात आहेत. फिल्म एक झाली आहे."

"म्हणजे आता फिल्मला पण गोमूत्र शिंपडायचं म्हणा की!" त्यांचे यजमान म्हणाले आणि स्वतःच हसले. वन्सं हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या, त्यांची सावली भिंतीवर पडली. "दादा, बंद कर. आईला बघवत नसेल."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या पुढे झुकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुणाची गं पोर? गोड आहे."

हे तुम्ही ऐकलंत. मी तुमच्यापासून दोन हातांवर होते, तुम्ही ऐकलंत हे मला माहीत आहे. आणि तरी तुम्ही दिवा बंद केलात. आईच्या वयाकडे बघ म्हणून मला दहा वर्षं सांगणारे तुम्ही, त्या दिवशी आईच्या तोंडाकडे बघितलं नाहीत. सासूबाई पुढच्या महालक्ष्म्यांपर्यंत राहिल्या नाहीत. त्यानंतर कुणाच्या वयाकडे बघायचं होतं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "फेकून दिलं. पाहुण्यांत बोभाटा नको. दिवस कसले आहेत बघतेस ना? कंपनीत पण दोन तट पडलेत." आणि वर सांगितलंत, "तिला सांग, धुताना खराब झालं."

मी सांगितलं. खोटं तुमचं होतं, तोंड माझं. मधल्या सुट्टीत कौसल्यानं विचारलं, "काय गं, आली का आमची फिल्म?" मी म्हटलं, मुंबईला खराब झाली. तिचं गणित पक्कं होतं, तिला उत्तर आलं असणार. "जाऊ दे," ती म्हणाली. "आमचं चित्र नीट यायला टाइम लागतो."

त्या दिवसानंतर ती आपल्या पुढच्या खोलीतही आली नाही.

चार वर्षांनी ती कावीळ होऊन गेली. संघमित्रा पाच वर्षांची होती. विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव लागलं तेव्हा कौसल्या ते बघायला नव्हती. संघमित्राकडे आईचा एक फोटो होता, नोकरीच्या अर्जावरचा, सरकारी शिक्का अर्ध्या गालावर.

आणि दहा वर्षांपूर्वी ती मुलगी आपल्याकडे आली. ती पडेगावला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तेव्हा तिच्या मुलीचं लग्न ठरत होतं. कुणी जुन्या शिक्षिकेनं तिला सांगितलं होतं की काकांच्या कॅमेऱ्यानं कधीतरी तिच्या आईची फिल्म काढली होती. ती तुमच्यासमोर खुर्चीच्या काठावर बसली.

"काका, खराब झालेली असली तरी चालेल. नुसतं आई चालताना कशी दिसायची, एवढंच बघायचंय."

तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "बाळ, ती तेव्हाच फेकावी लागली." तुमच्या पाठीमागे ते लोखंडी कपाट होतं. डबी तुमच्या डोक्यापासून दीड हातावर असेल. मी चहा घेऊन उभी होते आणि मला काहीच माहीत नव्हतं. मी तिला बिस्किट घे म्हणाले.

ह्याला क्षमा नाही. भीतीला असते, मी समजू शकते. त्या पावसाळ्यात सगळेच भ्यायले होते, मीही. पण दहा वर्षांपूर्वी तुम्हाला कुणाची भीती होती? नंतरच्या वाळूजच्या कारखान्यातून सन्मानानं निवृत्त झालेले तुम्ही, सोसायटीचे अध्यक्ष, नामांतराच्या वर्धापनदिनी भाषण करणारे. ते भाषण मीच लिहून दिलं होतं.

मुलानं पाठवलेला व्हिडिओ कॅमेरा तुम्ही कधी उघडला नाहीत. "त्यात पुसता येतं," तुम्ही म्हणायचात. "फिल्मवर पडलं ते पडलं. माणूस बघूनसवरून चावी सोडतो." मी हे सगळ्यांना कौतुकानं सांगत असे.

फिल्म पूर्ण बघितली तेव्हा एका जागी जोड सापडला. तिथं तुम्ही कात्री लावली होतीत आणि पुन्हा पट्टीनं चिकटवलं होतंत. मला कळलं काय करत होतात. कौसल्याला काढून आईला ठेवायला बघत होतात. पण आईचा चेहरा दिसतो त्यांत एकही चौकट अशी नाही जिच्यात एक आहे आणि दुसरी नाही. आईचं हसू बघायचं तर कौसल्याला बघावंच लागे. म्हणजे मी शाळेत गेले की तुम्ही पडदे ओढून हे बघत होतात. किती वेळा? फिल्मच्या कडेची भोकं झिजली आहेत. प्रोजेक्टरला तेल घातलेलं आहे. तुम्ही दोघींनाही बघत बसलात आणि त्यांतल्या एकीच्या मुलीला परत पाठवलंत.

फिल्म फेकली नाहीत म्हणून मी तुमचे आभार मानणार नाही. तुम्ही तुमची आई जपलीत.

तेराव्याला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर मी खिडक्यांना चादरी लावायला सांगितल्या. मुलाला वाटलं, बाबांची आठवण म्हणून काही दाखवते आहे. पुढच्या खुर्चीवर मी संघमित्राला बोलावून बसवलं होतं. वन्संनी मला विचारलं, ह्या कोण? मी म्हटलं, "बघा आता."

मी प्रोजेक्टर चालू केला. संघमित्रा तोंडावर हात ठेवून बसली होती. ती एकदाच म्हणाली, "डावा पाय वडती व्हय आई," आणि रडू लागली. आणि दुसरीकडून रडण्याचा आवाज आला, त्या वन्सं होत्या. पंचाहत्तरीला आलेल्या, आपल्या आईचं हसू चाळीसहून जास्त वर्षांनी बघत होत्या.

प्रोजेक्टर थंड झाल्यावर त्या डोळे पुसून म्हणाल्या, "वहिनी, हे मोबाईलवर घ्यायला सांगा हो. ग्रुपवर टाकू, सगळ्यांना आई मिळेल."

मुलगा म्हणाला, "हो आई, पुण्यात स्कॅन करून देतात. मी सोबत घेऊन जातो."

"नाही," मी म्हटलं. "स्कॅन करायचं नाही, मोबाईलवर घ्यायचं नाही. ही फिल्म एकच आहे, एकच राहील." मी डबी संघमित्राच्या मांडीवर ठेवली. "प्रोजेक्टर रिक्षात ठेवून देते. बल्ब शेवटचा आहे, जपून. ज्यांना सासूबाईंना बघायचं असेल त्यांनी पडेगावला जावं. आधी फोन करून विचारावं, चपला बाहेर काढाव्या, हिच्या घरात बसावं."

वन्सं म्हणाल्या, "हा सूड झाला, वहिनी."

"हो."

"मेलेल्या माणसावर?"

"जिवंतपणी त्यांनी संधी दिली नाही."

संघमित्रा डबीवर हात ठेवून म्हणाली, "काकू, मला भांडणाचं कारण नाय व्हायचं. त्यांची पण आई हाय ह्याच्यात. मी कुणाला नाय म्हणणार नाय." मला तिच्यापुढे लाज वाटली. पण मी शब्द मागे घेतला नाही. रेवा आणि तन्मय, डिसेंबरात आलात की तुमच्यासाठीही हाच नियम आहे. मी तुम्हाला नेईन. पणजी बघायची असेल तर कौसल्याआजीही बघावी लागेल, तिच्या मुलीच्या घरी बसून.

काल दुपारी वन्संचा फोन आला. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग त्या म्हणाल्या, "जाऊन आले."

"कुठं?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"पडेगावला. तिनं दोनदा लावून दाखवली. आईचा पुढचा दात किंचित वाकडा होता, वहिनी. मी विसरूनच गेले होते." मग म्हणाल्या, "चहा दिला तिनं."

"घेतलात?"

"घेतला. फार गोड करते ती. सांगितलं तिला, पुढच्या वेळी साखर कमी."

फोन ठेवून मी खुर्चीत बसले आणि इतक्या दिवसांनी पुन्हा रडू आलं, ते रागाचं होतं. गारखेड्याहून पडेगावला रिक्षानं अर्धा तास लागतो. वन्संचे गुडघे गेले आहेत, तरी त्या गेल्या. तुमच्याजवळ चाळीसहून जास्त वर्षं होती, आणि पाय शेवटपर्यंत धड होते.